सात नंबरच्या खोलीतलं बेसिन

फिनेलबाईंनी मला पहिल्यांदा झापलं तेव्हा मी चोवीस वर्षांची होते आणि या वॉर्डातला माझा तिसराच दिवस होता. हातात इंजेक्शनचा ट्रे, डोक्यात घाई, आणि मी नुकत्याच पुसलेल्या फरशीवरून तरातरा निघाले. मागून आवाज आला, "ओ सिस्टर, कडेकडेनं! ते काय खेळायचं मैदान आहे?" वळून पाहिलं तर एक बुटकी, रुंद हाडाची बाई पोछ्याची काठी उभी धरून माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "अहो, पेशंटला इंजेक्शन द्यायचंय, उशीर होतोय." त्यावर म्हणाल्या, "घसरलात तर पहिलं तुम्हालाच द्यावं लागेल." मी मुकाट्यानं कडेनं गेले. पुढची एकोणीस वर्षं कडेनंच चालले. मोठे डॉक्टरसुद्धा कडेनंच चालायचे.

त्यांचं खरं नाव हजेरीच्या वहीत होतं आणि तिथंच राहिलं. त्या येण्याआधी त्यांचा वास यायचा, म्हणून फिनेलबाई. कुणी तोंडावर म्हटलं तरी त्यांना राग यायचा नाही. राग यायचा तो दुसऱ्याच गोष्टींचा. पलंगाच्या दांड्यावर टॉवेल वाळत घातला, औषधाची रिकामी बाटली खिडकीत ठेवली, पेशंटच्या मेहुण्यानं भिंतीला डोकं टेकलं, की झालीच सुरू त्यांची तोफ. "डोक्याचं तेल घरच्या भिंतीला लावा!" त्या मेहुण्याला तोंड लपवायला जागा उरायची नाही. पण तीच बाई, ज्या पेशंटला कुणी विचारत नाही त्याच्या पायाची नखं कापून द्यायची. ते तिचं काम नव्हतं. मी एकदा तसं म्हटलं, तर म्हणाल्या, "मग कुणाचं आहे? त्याला बोलवा."

घरी त्या आणि मास्तर. मास्तर म्हणजे त्यांचे यजमान, शिंपी. खाली शिलाईचं दुकान, वर एक खोली, मधे अरुंद जिना. मूलबाळ नाही. मास्तर बोलायचे कमी आणि बोलले तरी अर्धं तोंडात टाचण्या धरून. बाईंना रिटायर व्हायला दोन वर्षं राहिली होती आणि मास्तरांनी आधीच दुसरं मशीन आणून ठेवलं होतं, पायानं चालवायचं, आपल्या मशीनच्या शेजारी. बाई आम्हाला सांगायच्या, "इथं पुसून पुसून हात गेले. आता पाय चालवणार."

आता त्या खोलीचं सांगते.

आमच्या पॅसेजच्या टोकाला सात नंबरची खोली आहे. पूर्वी ती सामानाची होती. पलंग एकच मावतो, म्हणून एकट्या पेशंटची खोली झाली. मग कधीतरी नियम आला की प्रत्येक खोलीत हात धुवायला बेसिन पाहिजे. जागा कुठं होती? पलंगाच्या पायथ्याशी, भिंतीला चिकटवून बसवलं. पलंग आणि बेसिन यांच्यात ड्रेसिंगची ट्रॉली जेमतेम उभी राहते. वर मी माझ्या अक्षरात पाटी लावली, 'आधी हात धुवा, मग हात लावा.' हात धुण्याच्या बाबतीत मी फार कडक. सगळ्या हॉस्पिटलमधून निवड होऊन मला बिल्ला मिळालाय त्याचा. अजून कपाटात आहे, डोंबल त्याचं!

बाईंचा त्या बेसिनवर जीव. रोज शेवटी ते घासायच्या, फिनेल ओतायच्या, आणि मला बोलावून म्हणायच्या, "बघा, आपले दात दिसतात." खरंच दिसायचे.

आणि त्याच बेसिनमध्ये आम्ही औषधं ओतायचो. सलाइनच्या बाटलीत उरलेलं अँटिबायोटिक, कुपीतलं अर्धं-पाव, सिरिंज खळबळून काढलेलं पाणी. ते टाकायची खोली वेगळी आहे, पण ती पॅसेजच्या दुसऱ्या टोकाला. बाई सुरुवातीला बाटल्या गोळा करून तिकडं न्यायच्या. एक दिवस माझी फार धावपळ होती, हाताशी कुणी नाही, आणि बाई बाटल्या घेऊन निघाल्या. मी चिडले. म्हटलं, "बाई, तिकडं कशाला जाता? ओता इथंच आणि वरून पाणी सोडा."

"इथं? हात धुवायच्या ठिकाणी?"

"औषधच आहे ना? घाण थोडीच आहे! उलट बेसिन साफ होईल."

त्यांना पटलं नव्हतं. पण मी सिस्टर आणि त्या बाई. त्या दिवसापासून सगळेच तिथं ओतायला लागले. पंधरा वर्षं ओतलं. कुणाच्या मनात काही आलं नाही, माझ्या तर नाहीच नाही.

गेल्या वर्षी बाई स्टोअरमध्ये स्टुलावरून पडल्या. फिनेलचाच डबा काढत होत्या. उजव्या पायाचं हाड गुडघ्याखाली मोडलं. आमच्याच हॉस्पिटलात ऑपरेशन झालं, आत सळई घातली, सगळं छान. आता आपलं माणूस पडलंय म्हटल्यावर त्यांना मोठ्या वॉर्डात गर्दीत ठेवायचं? छे! मी शब्द टाकला, दोन ठिकाणी भांडले, आणि सात नंबरची खोली मिळवून दिली. बाई पलंगावर टेकल्या आणि लाजल्या. "अहो, ही खोली मी पुसायची का झोपायची?" मास्तरांनी हात जोडले. मला केवढा अभिमान वाटला, काय सांगू!

सहाव्या दिवशी जखमेतून पू यायला लागला.

तळमजल्यावर जंतू तपासणाऱ्या डॉक्टरीणबाई आहेत. एरवी त्या कागद पाठवतात. या वेळी स्वतः वर आल्या, हातात काचेची चपटी बशी घेऊन. बशीत जेली, जेलीवर जंतूंचा पांढुरका थर, आणि त्यावर लहान बटणाएवढ्या सोळा कागदी चकत्या. प्रत्येक चकतीत वेगळं औषध. जे औषध चालतं त्याच्या चकतीभोवती जंतू मरतात आणि स्वच्छ गोल पडतो. मी बशी उजेडात धरली. एकही गोल नव्हता. थर सोळाच्या सोळा चकत्यांना जाऊन भिडला होता. "वेगळ्या तपासणीत एक औषध लागू पडतंय," त्या म्हणाल्या. "जुनं आहे. किडनीला झोंबतं म्हणून आम्ही सहसा हात लावत नाही. त्याच्यापुढं माझ्याकडं काही नाही."

मग दारावर पिवळं कार्ड लागलं. आत जायचं तर अंगावर झगा, हातात मोजे. भेटायला एकच माणूस, दहा मिनिटं. बाईंनी बाहेर पडायचं नाही, दार उघडं ठेवायचं नाही, जंतू दुसऱ्यांना लागू नयेत म्हणून. एकोणीस वर्षं ज्या बाईला मी एका जागी बसलेलं पाहिलं नाही, ती त्या चिंचोळ्या खोलीत कोंडली गेली. दाराला हातभर काच आहे. मी जाता-येता बघायची. सुरुवातीला त्या हात हलवायच्या, नंतर नुसत्या बघायच्या. एकदा मला म्हणाल्या, "सिस्टर, त्या कोपऱ्यात वर जाळं झालंय. मला दिसतंय आणि मला काढता येत नाही. हे कुणाला सांगू?" आणि रडल्या. जाळ्यासाठी रडल्या. मी लगेच काढायला लावलं, पण दोन दिवसांनी त्यांना दुसरं काहीतरी दिसलंच.

मास्तर रोज चार वाजता यायचे. झग्याचे बंद तुटलेले असायचे. ते खिशातून सुईदोरा काढायचे आणि बाहेरच्या बाकावर बसून शिवायचे, मग घालून आत जायचे. महिनाभरात आमच्या सगळ्या झग्यांना बंद लागले.

ते शेवटचं औषध लागू पडलं. आठवड्याभरात पू थांबला, ताप उतरला. डॉक्टर म्हणाले, पाय वाचतोय. बाईंनी मास्तरांना मशीनवरचं फडकं काढायला सांगितलं, धूळ बसेल म्हणून. आणि मग परत पू. परत बशी, परत तेच जंतू. आमच्या कुणाच्या डोक्यात शिरेना. जखम तिथंच उघडून धुतली, औषध वाढवलं, तर किडनीचे आकडे बिघडले. औषध कमी केलं की पाय सुजायचा, वाढवलं की तोंड सुजायचं. इकडून तिकडून दोन्हीकडून दार बंद.

अशातच एका सकाळी मी ड्रेसिंगला गेले. हात धुतले, चांगले घासून, नियमाप्रमाणे. बाई म्हणाल्या, "सिस्टर, रागावू नका. तुम्ही नळ सोडता ना, तेव्हा तिथून उडतं. साडेआठचं ऊन खिडकीतून बेसिनवर येतं, त्यात दिसतं. बारीक बारीक. पार ट्रेपर्यंत येतं. इथं पायावर येतं."

मी म्हटलं, "पाणी आहे बाई, उडणारच."

"पण ते नळातलं नाही. नळाची धार बरोबर भोकावर पडते आणि भोकातलं वर येतं. आतलं."

शहाणीच की मी! मी म्हटलं, "तुम्ही आता साफसफाईची ड्युटी सोडा आणि पेशंटची करा. हात कसे धुवायचे ते मला शिकवू नका." वर हसलेसुद्धा. आवाज चढला नव्हता माझा, पण बाईंनी मान भिंतीकडं वळवली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ट्रॉली पलंगाच्या दुसऱ्या बाजूला ठेवायला सांगितली. तिकडं ठेवली की दार उघडत नाही. मी परत होती तिथं आणली. मग मला दिसायला लागलं की कुणी नळाला हात लावला की बाई पायावरची चादर घाईघाईनं ओढून घेतात. अगदी पट्टी सोडलेली असली तरी. मला वाटलं, पडून पडून डोकं फिरलंय यांचं. मी चादर काढायची, त्या ओढायच्या. एकदा मी चिडून म्हटलं, "बाई, लहान मुलासारखं काय करताय!" त्यानंतर त्या काही बोलल्या नाहीत. भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत राहायच्या.

मग एके दिवशी माझ्या हातून कापसाच्या बोळ्यांच्या डब्याचं झाकण पडलं आणि गडगडत पलंगाखाली गेलं. मी वाकले, गुडघ्यांवर बसले. त्याच वेळी मागं शिकाऊ नर्स हात धुवायला उभी राहिली. माझं डोकं बाईंच्या उशीइतकंच खाली आलं होतं. झाकण घेऊन मी मान वर केली, आणि उन्हात ते दिसलं. नळाची धार सरळ भोकात पडत होती आणि भोकातून बारीक तुषार उठत होते. तिरपे, वर, माझ्या उघड्या ट्रेवर, स्वच्छ बोळ्यांवर, बाईंच्या उघड्या पायावर. माझ्या पाटीखालून. उभ्या माणसाला ते दिसणं शक्यच नव्हतं. आम्ही दिवसातून तीस वेळा त्या खोलीत हात धूत होतो, बाईंना जंतू लागू नयेत म्हणून.

"बंद कर!" मी ओरडले. पोरगी घाबरून बाजूला झाली. मी खालचा कॉक फिरवला, नळाला पट्टी गुंडाळली, चार गाठी मारल्या. पाटी फाडली. बाईंकडं बघायची हिंमत झाली नाही.

त्याच दुपारी त्यांना तीन नंबरच्या खोलीत हलवलं. बेचाळीस दिवसांनी त्या दाराबाहेर पडल्या, स्ट्रेचरवरून, तीस पावलं. नव्या खोलीत त्या एवढंच म्हणाल्या, "बरं आहे. उजेड आहे इथं."

डॉक्टरीणबाईंनी बेसिनखालचा वाकडा पाइप काढायला लावला. आतून तो करड्या, बुळबुळीत थरानं भरला होता. त्या थरातले जंतू आणि बाईंच्या जखमेतले जंतू एकच निघाले. "वरून फिनेल ओतलं की ते थरावरून वाहून जातं," त्या म्हणाल्या, "आत जंतू मजेत. पण एवढी सगळी औषधं पचवायला हे शिकले कुठं? इथं कुणी अँटिबायोटिक ओततं का? रोज थोडं थोडं मिळालं तर जे मरतात ते मरतात, आणि जे उरतात त्यांना सराव होतो. मग त्यांचीच पैदास होते. आणि जो पेशंट या पलंगावर येईल त्याची वाट बघत बसतात."

"कोण ओततं?" त्यांनी पुन्हा विचारलं.

"सगळेच," मी म्हटलं.

खोटं नव्हतं ते. पण सगळ्यांना सांगितलं कुणी, ते मी गिळलं.

पायाला आता उशीर झाला होता. हाडात जंतू शिरले होते, वर चढत होते, आणि औषध आणखी दिलं तर किडनी जाणार. हाडांच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "पाय काढावा लागेल. आठ-दहा दिवस आधी समजलं असतं तर कदाचित गुडघा ठेवता आला असता. आता वरूनच." कदाचित, म्हणाले ते. त्या 'कदाचित'चा मी आजवर किती कीस पाडलाय!

मास्तरांना सांगायचं काम माझ्याकडं आलं. ते बाकावर बसून झग्याचा बंद शिवत होते. मी सांगितलं. त्यांनी टाका पुरा केला, दोरा दातानं तोडला. मग खिशातून मोजपट्टी काढली, आणि माझ्याकडं न बघता विचारलं, "किती ठेवणार?"

मला कळेना.

"गुडघ्याच्या वर म्हणालात. वर म्हणजे किती? तिच्या सगळ्या पायजम्यांची उजवी बाजू कमी करायला लागेल. लोंबतं ठेवलं तर ती चिडेल. तिला लोंबतं आवडत नाही." आणि मग मास्तरांना हुंदका आला. आयुष्यात कधी आवाज न चढवलेला माणूस, पॅसेजमधल्या माणसांनी वळून बघावं इतक्या मोठ्यानं रडला. मी शेजारी बसून राहिले.

ऑपरेशन झालं. बाई जगल्या. किडन्याही हळूहळू ताळ्यावर आल्या. पण ते जंतू अंगात कुठंतरी मुक्कामाला राहिले. त्यांना त्रास देत नाहीत, दुसऱ्याला देऊ शकतात. म्हणून त्यांच्या फाइलवर पिवळं कार्ड कायमचं. कधीही हॉस्पिटलात आल्या तरी त्यांना सगळ्यांसोबत बसायचं नाही, वेगळ्या खोलीत जायचं. आणि तपासायला रिकामी मिळते ती वेगळी खोली कुठली? सात नंबरची. तिथलं बेसिन आता काढलंय, पाइपाचं भोक बुजवलंय, हात धुवायला आम्ही बाहेर पॅसेजमध्ये जातो.

तीन महिन्यांनी त्या आल्या. मास्तरांनी चाकाची खुर्ची ढकलत आणली आणि कागद दाखवायला खाली गेले. बाईंचा पायजमा उजवीकडं नीट दुमडून, आत अस्तर लावून शिवलेला होता. मीच त्यांना पलंगावर घेतलं, पायावर चादर टाकली. त्यांनी आधी वर कोपऱ्यात पाहिलं, मग पायथ्याकडच्या भिंतीकडं.

"प्लास्टर ओबडधोबड केलंय," म्हणाल्या.

"मशीनचं काय केलंत?" मी विचारलं. काहीतरी विचारायचं म्हणून.

"हातानं फिरवायचं चाक बसवलंय त्यांनी. काज करते, बटणं लावते. जमतंय." मग म्हणाल्या, "दुकानातच झोपतो आता. वर जाता येत नाही. पडल्यापासून वरची खोली पाहिली नाही मी. काय घाण झाली असेल!"

माझ्याच्यानं राहवेना. पट्टीला हात घालण्याआधी मी सगळं सांगून टाकलं. "बाई, औषधं त्या बेसिनमध्ये ओतायला मी सांगितलं होतं. आणि तुम्ही उडतंय म्हणालात तेव्हा मी नऊ दिवस ऐकलं नाही. तुमचा गुडघा माझ्यामुळं गेला."

त्या भिंतीकडंच बघत होत्या. "अकरा," म्हणाल्या.

"काय?"

"नऊ नाही, अकरा दिवस. कॅलेंडर समोरच होतं. बाराव्या दिवशी तुमचं झाकण पडलं."

मी म्हटलं, "मग तुम्ही ओरडला का नाहीत माझ्यावर? एकोणीस वर्षं ओरडलात, पुसलेल्या फरशीसाठी ओरडलात! तेव्हाच का गप्प बसलात?"

"तेव्हा पोछा माझ्या हातात होता, सिस्टर," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "पलंगावरच्या माणसाचं कोण ऐकतं? पेशंट मला पण काय काय सांगायचे. मी तरी कुठं ऐकायचे? आणि तुम्हाला राग आला असता तर? पट्टी तुमच्याच हातात होती. दार बंद. जाणार कुठं मी?"

मी पट्टीकडं हात नेला.

"जा, हात धुऊन या," त्या म्हणाल्या. "मास्तर खोळंबतील."

मी बाहेर गेले. दार उघडंच राहिलं. पॅसेजमधल्या बेसिनवर उभी राहिले, नळ सोडला, नियमाप्रमाणे हात घासले, बोटांच्या मधे, नखांखाली, मनगटापर्यंत. बेसिन त्या खोलीपासून चांगलं दहा पावलं लांब आहे, मधे भिंत आहे. तिथून एक थेंबही आत जायचा नाही.

कोपरानं नळ बंद करून, हात वर धरून मी परत दारात आले. बाई डोळे मिटून पडल्या होत्या. मी टाकलेली चादर त्यांनी उरलेल्या पायावर घट्ट ओढून, दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. बाहेर नळ बंद झालाय याची कानानं खात्री केली, मग त्यांनी ती सोडली.